चावी निघत नाही

१

गाडीत चावी अडकली असा फोन आला, की जागचं हलण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. गिअर नीट पार्कमध्ये आहे का? स्टिअरिंग एका बाजूला आवळून बसलंय का? बॅटरी उतरलीय का? दहातल्या सात जणांची चावी फोनवरच निघते. ते आभार मानतात, मी चहाचा घोट घेतो आणि एक गिऱ्हाईक हातचं जातं. बायको म्हणते, "तुम्ही धंदा करता की समाजसेवा?" पण बावीस वर्षं असंच चाललंय. दवाखान्याच्या जिन्याखाली माझं दुकान आहे. चावी कापायचं यंत्र, एक स्टूल, आणि भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या.

त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला एका बाईंचा फोन आला. आवाज घाईचा होता, पण घाबरलेला नव्हता.

"दादा, गाडीची चावी निघत नाहीये. पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही."

मी माझे तीन प्रश्न विचारले.

"गिअर पार्कमध्येच आहे," त्या म्हणाल्या. "स्टिअरिंग हलवून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला, नवऱ्याला फोनही करून पाहिला. तो कामासाठी परगावी गेलाय. म्हणाला, जोर लावू नकोस, चावी तुटेल."

"बरोबर सांगितलं त्यांनी. आलोच मी."

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत त्या काम करत होत्या आणि दहाच्या आत पोचायचं होतं. मी स्कूटर काढली. अर्ध्या तासाचं काम, असा माझा हिशेब होता.

२

जुनी तीन मजली इमारत होती. तिच्या मागे, मोकळ्या जागेपलीकडे गॅरेजांची रांग. बाई शेवटच्या गॅरेजच्या दाराशी उभ्या होत्या. पस्तिशीच्या असतील. खांद्याला पर्स, हातात डबा.

गॅरेज अरुंद होतं. दोन्हीकडे सिमेंटच्या भिंती, मागे एक फळी, फळीवर रंगाचे सुकलेले डबे. गाडीचं दार उघडलं तर ते भिंतीला टेकायचं, इतकी कमी जागा. पत्र्याचं शटर वर सरकवलेलं होतं, तरी आत आल्याबरोबर बाहेरचा आवाज एकदम कमी झाल्यासारखा वाटला. रस्त्यावरची रहदारी, समोरच्या शाळेतला गलका, सगळं दाराबाहेरच थांबलं.

मी चालकाच्या जागेवर बसलो. चावी एक घर फिरलेली होती. त्या जागी रेडिओ लागतो, काचा खालीवर होतात, पण इंजिन सुरू होत नाही. अडकण्याची ही जागा नव्हे. चावी अडकते ती बंद करताना. सुरू करताना वाटेत मध्येच अडकलेली मी फार क्वचित पाहिली होती.

"ताई, आधी कधी असं झालंय?"

"कधीच नाही. कालच संध्याकाळी मी चालवली."

मी नेहमीची कामं केली. डाव्या हाताने स्टिअरिंग हलकेच डोलवत उजव्या हाताने चावी फिरवून पाहिली. गिअर पार्कमधून काढून पुन्हा नीट घातला. भोकात काळ्या शिशाची पूड फुंकली. तेल कधी घालू नये, तेलाने धूळ धरते. मग लाकडी मुठीने कुलपाच्या तोंडावर हलके टोले दिले, म्हणजे आतल्या बारीक पट्ट्या सुटतात.

काही नाही. चावी जिथल्या तिथे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. अडकलेली चावी कशी लागते ते हाताला माहीत असतं. दगडात रुतल्यासारखी, मेल्यासारखी. ही तशी नव्हती. मी ओढली की ती केसभर यायची आणि मग हळूच परत आत जायची. स्प्रिंग नव्हती ती. पलीकडच्या टोकाला कुणीतरी चिमटीत धरून ठेवावी, तशी.

मी स्वतःलाच म्हणालो, सकाळी नाश्ता न करता निघालं की असं होतं.

३

पंधराएक मिनिटांनी मला ते जाणवलं. चावी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मी नुसता बसलो होतो, पुढे काय करायचं याचा विचार करत. आणि चावी थरथरली.

टक, टक, टक. मग थोडं थांबून पुन्हा टक, टक, टक.

आवाज नव्हता, नुसतं बोटांना कळत होतं. नाडी लागावी तसं. आधी मला वाटलं, माझीच नाडी असेल. म्हणून हात बदलला. डाव्या हातालाही तेच. तीनदा, थांबून तीनदा.

गाडीत असं टकटक करणारे बारके स्विच असतात. बॅटरी कमी झाली की ते लागत-सुटत राहतात. चला, कारण सापडलं, असं म्हणत मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार काढून बाजूला ठेवली. आता गाडीत वीज म्हणून उरली नव्हती. डॅशबोर्डवरचे दिवे गेले.

परत बसून चावीला बोट लावलं.

टक, टक, टक.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार.

"तुम्ही जरा इथे बोट लावून बघता?"

त्या वाकल्या, चावीला दोन बोटं लावली. मग हात झटकन मागे घेतला आणि पदराला पुसला.

"हे काय आहे?"

"गाडी गार होताना धातू आकसतो," मी म्हणालो. "कधीकधी लागतं हाताला."

"पण गाडी सुरूच झाली नाहीये. कालपासून गारच आहे."

त्यांनी हातातला डबा मागच्या फळीवर ठेवला आणि मोबाईलवरून प्रयोगशाळेला कळवलं की यायला उशीर होईल. बोलताना त्या गॅरेजच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मला राग आला नाही. मलाही बाहेरच उभं राहावंसं वाटत होतं.

४

इंजिनातला बारीक आवाज ऐकायचा असला तर मेकॅनिक लांब पेचकस घेतात. एक टोक लोखंडाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. सगळं ऐकू येतं, अगदी डॉक्टरच्या नळीसारखं. माझ्या पिशवीत असा पेचकस असतो. मी त्याचं टोक कुलपाच्या कडेला लावलं, मूठ कानाला टेकवली आणि श्वास रोखला.

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज असणार, असं धरून चाललो होतो. तसा तो नव्हता.

लाकडावर बोटांची पेरं वाजवल्याचा आवाज होता तो. दारावर वाजवतात तसा. हळू, पण नेटाने. आत कुणी आहे हे माहीत असलेल्या माणसाचं वाजवणं. तीनदा वाजवायचं, उत्तराची वाट बघायची, पुन्हा तीनदा.

आणि त्याच्या मागे, खूप लांबून, आणखी काहीतरी. मी डोळे मिटले. पाणी पडत होतं. नळ सोडून ठेवल्यावर भरलेल्या बादलीत पडतं तसं.

मी पेचकस खाली ठेवला. या रांगेत पाण्याची पाइप असेल, भिंतीतून आवाज येत असेल, असं मनाला समजावत उतरलो आणि बाईंना विचारलं.

"ताई, या भिंतीतून पाण्याची लाइन जाते का?"

"गॅरेजला पाणीच नाही. गाडी धुवायची तर वरून बादली आणावी लागते. का?"

"पाण्याचा आवाज येतोय. नळ सुरू असल्यासारखा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा आमच्या बाथरूमचा नळ सुरू होता. सासरे आंघोळीला गेले होते. दारातूनच मी सांगितलं, बाबा, निघते. ते काही बोलले नाहीत, पण आंघोळीला जाताना कानातलं यंत्र काढून ठेवतात ते. त्यांना ऐकू येत नाही."

"घरात आणखी कोण आहे?"

"कोणीच नाही. गाडी अडकल्यावर मी वर जाऊन बेल वाजवली होती, कुलपात घालायला थोडं तेल घ्यायला. उघडलं नाही त्यांनी. मला वाटलं, अजून आंघोळ चाललीय. घराची चावी याच जुडग्यात आहे."

हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला.

"किती वेळ झाला त्याला?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊला त्या निघाल्या होत्या. आता सव्वादहा झाले होते.

५

कडीतून घराची चावी सोडवायला मला अर्धं मिनिट लागलं. गाडीची चावी तशीच कुलपात ठेवून, माझी पिशवी घेऊन आम्ही मोकळ्या जागेतून इमारतीकडे निघालो. त्या पुढे, मी मागे. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर होतं.

दार जुन्या पद्धतीचं होतं, आरपार भोक असलेलं कुलूप. असल्या कुलपात चावी घालण्याआधी मी भोकातून बघतो. आतल्या बाजूने दुसरी चावी लावलेली असली तर आपली शिरत नाही. बावीस वर्षांची सवय, त्यामागे दुसरा काही हेतू नव्हता. मी वाकलो आणि डोळा लावला.

लांबट पॅसेज दिसला. टोकाला खिडकी, खिडकीतून ऊन. फरशीवर उन्हाचा चौकोन. डाव्या हाताला एक बंद दार.

आणि त्या बंद दाराशी कुणीतरी उभं होतं.

म्हणजे मला तसं वाटलं. फिकट पिवळ्या कापडाची एक उभी कड, आणि वर उचललेला हात, वाजवायला उचलतात तसा. भोकातून किती दिसणार? हात खाली आला. मग ते पिवळं वळलं, माझ्या दिशेने, आणि भोक अंधारलं. दारापलीकडून कुणी अगदी जवळ येऊन उभं राहावं, तसं.

"तुमचे सासरे आलेत दाराशी," मी सुस्कारा टाकून म्हणालो. "काका, दार उघडता का?"

पलीकडून काही नाही. श्वासाचासुद्धा आवाज नाही. बाईंनी दारावर थाप मारली. "बाबा!"

भोकात पुन्हा उजेड आला. फरशी, ऊन, खिडकी.

मी चावी घातली. एका फेऱ्यात दार उघडलं. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. पिवळं कापड दोरीवर नव्हतं, खुंटीवर नव्हतं, पडदे निळे होते. फक्त नळाचा आवाज येत होता, आणि डाव्या हाताच्या बंद दाराखालून पाण्याचा पातळ ओघळ बाहेर आला होता.

६

त्यानंतर भ्यायला वेळच नव्हता. त्या दार बडवत होत्या, मी फटीतून बघत होतो. आतून कडी. माझ्या पिशवीत करवतीचं पातळ पातं असतं. ते फटीतून सरकवलं, कडीच्या खाली धरून वर उचललं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा कडी पडली. दार आत ढकललं तर थोडंच उघडलं. त्यांचे पाय दाराला अडत होते.

म्हातारा माणूस उजव्या कुशीवर पडला होता. चेहरा पांढरा, ओठ निळसर. बादली भरून वाहत होती आणि ते गार पाणी त्यांच्या पाठीखालून चाललं होतं. अंगावर टॉवेल ओढून घेतला होता तेवढाच.

बाई फटीतून आत शिरल्या, नळ बंद केला आणि खाली बसल्या.

"बाबा. बाबा, मी आलेय."

त्यांनी डोळे उघडले. आधी सुनेकडे बघितलं, मग दाराच्या फटीत अडकलेल्या माझ्या डोक्याकडे.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"चावीवाले आहेत," बाईंनी हवेत चावी फिरवल्याची खूण करून दाखवली.

"मग बरोबर आहे," असं पुटपुटून त्यांनी डोळे मिटले. बाईंनी गालावर हलकेच चापट मारली तेव्हा पुन्हा उघडले आणि म्हणाले, "जागाच आहे. मारू नकोस."

तेव्हा कुठे बाई रडल्या.

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. तोवर आम्ही त्यांना हलवलं नाही. घरातली पांघरुणं होती नव्हती तेवढी घातली, आणि मी त्यांचे तळपाय चोळत बसलो. कंबरेचं हाड मोडलं होतं आणि अंग पार गारठलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, थोड्यात निभावलं, संध्याकाळपर्यंत पडून राहिले असते तर काही खरं नव्हतं. बाई संध्याकाळी सातला घरी येतात.

७

दवाखान्यात जाताना बाई मला म्हणाल्या, "गाडीचं तेवढं बघाल का?"

गॅरेजमध्ये एकट्याने परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं, हे मोकळेपणाने सांगतो. पण बाकीची हत्यारं तिथेच होती. बॉनेट उघडं होतं, बॅटरीची तार लोंबत होती, फळीवर बाईंचा डबा तसाच होता. मी आधी तार जोडली. मग दार उघडून, आत न बसता, वाकूनच चावीला हात लावला.

काही नाही. टकटक नाही, ओढ नाही. लोण्यातून सुरी निघावी तशी चावी निघाली. मी पुन्हा घातली, फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बंद केली, काढली. दहा वेळा करून पाहिलं. मग कुलूप उघडून आतल्या पट्ट्या एकेक करून तपासल्या. सगळ्या धड होत्या.

शटर ओढून घेतलं आणि बाहेर उन्हात आलो. समोर शाळेची मधली सुटी झाली होती आणि मुलं कुंपणाला लटकून आरडाओरडा करत होती. इतका गोंगाट मला आयुष्यात कधी गोड लागला नव्हता. मी तिथेच कट्ट्यावर बसलो, बायकोला फोन लावला आणि काही नाही, सहज केला, असं सांगितलं. तिला खरं वाटलं नाही, कारण मी सहज कधी फोन करत नाही.

८

दीड महिन्याने बाईंचा फोन आला. सासरे घरी आले होते आणि बाथरूमला असं कुलूप हवं होतं, जे आतून लावलं तरी बाहेरून उघडता येईल.

दार बाईंनीच उघडलं. म्हातारबुवा पॅसेजमध्ये वॉकर धरून उभे होते. शाळेत कवायत शिकवायचे ते. अजूनही पाठ ताठ होती.

"या, चावीवाले. तुम्ही मला नको त्या अवस्थेत पाहिलंय, तेव्हा आता आपली चांगलीच ओळख झाली."

मी हसलो आणि कामाला लागलो. ते खुर्ची मागवून जवळच बसले. बाई आत चहा करायला गेल्या. मी जुनी कडी काढत असताना ते आवाज खाली आणून म्हणाले,

"सूनबाईने सांगितलं मला, गाडीत टकटक होत होती म्हणून. तिला वाटतं, मीच दार वाजवत होतो आणि तो आवाज कुठूनतरी खाली गेला."

"तसंच असेल," मी म्हणालो.

"कसं असेल? उजवा हात अंगाखाली होता, डावा दारापर्यंत पोचत नव्हता. मी एकदाही वाजवलं नाही."

पेचकस माझ्या हातात थांबला.

"बाहेरून वाजवत होतं कुणीतरी," ते म्हणाले. "मला ग्लानी यायची, वाटायचं झोपावं. डोळे मिटले की लगेच तीनदा. उघडले की बंद. मी वैतागून म्हटलंसुद्धा, अरे जागा आहे, जागा आहे. आणि गंमत बघा, कानातलं यंत्र तेव्हा टेबलावर होतं. त्याच्याशिवाय मला समोरचा ओरडला तरी ऐकू येत नाही."

मी भोकातून काय पाहिलं ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्यांना सांगितलं. पिवळं कापड, उचललेला हात, अंधारलेलं भोक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोण असेल?" मी विचारलं.

"माझ्या ओळखीत पिवळं नेसणारं कोणी नाही. हयातही नाही आणि गेलेलंही नाही. पुष्कळ आठवून पाहिलं."

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"गार फरशीवर एकटं मरायची भीती वाटत होती. कुणीतरी दारापाशी आहे म्हटल्यावर ती गेली." ते थोडा वेळ वॉकरच्या मुठीवर बोट फिरवत राहिले आणि मग हसले. "एक मात्र नक्की. जे कोण होतं, त्याला कडी उघडता येत नव्हती. नाहीतर चावीवाल्याला कशाला बोलावलं असतं?"

मलाही हसू आलं. गेले दीड महिने छातीत जे धरून बसलो होतो, ते त्या हसण्याबरोबर सुटलं.

बाई चहा घेऊन आल्या. गाडी कशी चाललीय ते मी विचारलं. काही त्रास नाही, म्हणाल्या, पण निघण्याआधी आता त्या बाबांच्या तोंडून "ये" ऐकल्याशिवाय जिना उतरत नाहीत.

कुलूप बसवून झालं. मी आत जाऊन लावून घेतलं, बाईंनी बाहेरून उघडलं. मग उलटं करून पाहिलं. मूठ नुसती दाबली की दार उघडत होतं, चावीसुद्धा लागत नव्हती.

"म्हणजे आता बाहेरून कुणालाही उघडता येईल?" म्हातारबुवांनी विचारलं.

"कुणालाही."

"बरं झालं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे. रिकाम्या पॅसेजकडे तोंड करून, जरा मोठ्यांदा.